डॉक्टरच का व्हायचंय? मुलाखतीत मनापासून द्या उत्तर

* प्रतिनिधी

दोन वर्षं तुम्ही एकच गोष्ट केलीत. प्रश्न वाचायचा, चार पर्याय पाहायचे, बरोबर गोल काळा करायचा. नीटमध्ये १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. आता समोर तीन-चार वरिष्ठ अधिकारी बसले आहेत आणि त्यांनी हसून विचारलं, ‘‘स्वतःबद्दल काही सांगा.’’ इथे पर्याय नाहीत आणि उत्तरसूचीही नाही. भल्याभल्या हुशार मुलांची जीभ इथे टाळ्याला चिकटते.

आपल्याकडे बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवरच होतो. पण पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच एएफएमसी, याला ठळक अपवाद आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत नीटनंतर मोजक्या मुलामुलींना बोलावलं जातं. त्यांची इंग्रजी व तर्कशक्तीची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. मुलाखतीचे गुण निवडीत धरले जातात. परदेशात शिकू पाहणाऱ्यांनाही मुलाखत चुकत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झालेली एक पद्धत आता अनेक देशांत वापरतात. त्यात उमेदवार काही मिनिटांनी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी नवा प्रश्न असतो.

स्वतःबद्दल सांगा

या प्रश्नावर बहुतेक जण नाव, गाव, दहावी-बारावीची टक्केवारी आणि वडिलांचा व्यवसाय सांगून थांबतात. हे सगळं समोरच्या कागदावर लिहिलेलंच असतं. कागदावर नसलेल्या दोन-तीन गोष्टी सांगा. रोज सकाळी वडिलांच्या दुकानात तासभर बसता, धाकट्या भावाला गणित शिकवता, कबड्डीच्या संघात होता. जे सांगाल त्यावरच पुढचा प्रश्न येणार हे लक्षात ठेवा. ‘वाचन’ हा छंद सांगितलात, तर शेवटचं पुस्तक कोणतं आणि त्यात काय आवडलं नाही, हे विचारलं जाईल. न जोपासलेला छंद सांगू नका.

डॉक्टरच का?

‘मला समाजाची सेवा करायची आहे’ हे वाक्य त्या खोलीत सकाळपासून कितीतरी वेळा ऐकून झालेलं असतं. त्याऐवजी तुमच्या डोळ्यांसमोर घडलेला एखादा प्रसंग सांगा. समजा, तुम्ही आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेत होता. चार-चार तास तिथे बसून तुम्ही काय पाहिलंत? आजीचा रक्तदाब अचानक उतरला तेव्हा कोणी काय केलं? घरी आल्यावर तुम्हाला काय प्रश्न पडला? असं उत्तर दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही.

यावर उलट प्रश्न येऊ शकतो, ‘‘सेवा तर परिचारिकाही करतात, मग डॉक्टरच का?’’ तेव्हा परिचारिकांचं काम कमी लेखू नका. निदान करणं, उपचार ठरवणं आणि त्या निर्णयाची जबाबदारी घेणं तुम्हाला का हवंसं वाटतं, ते सांगा.

घरात कोणी आजारी नसेल, दवाखाना जवळून पाहिलेला नसेल, तर तसं म्हणा. जीवशास्त्रातल्या कुठल्या धड्याने झोप उडवली, तेही प्रामाणिक कारण आहे.

गणवेशच का?

एएफएमसीमध्ये हा प्रश्न टाळता येत नाही. इथून बाहेर पडणारा डॉक्टर लष्कर, नौदल किंवा हवाई दलात अधिकारी होतो. सेवेचं बंधन सुरुवातीलाच मान्य करावं लागतं. नेमणूक बर्फाळ सीमेवर होईल की जहाजावर, हे आपल्या हातात नसतं. त्यामुळे सिनेमातल्या संवादांसारखी उत्तरं इथे टिकत नाहीत. ‘इथे शिक्षणाचा खर्च घरावर पडणार नाही, हेही एक कारण आहे’ असं म्हणायला लाजू नका. मात्र तेच एकमेव कारण असेल, तर मुलाखतीआधी स्वतःशी नीट बोला. सही तुमची असेल आणि वर्षंही तुमचीच जातील.

अपयशाबद्दल विचारलं तर

‘माझा दोष म्हणजे मी फार मेहनत करतो’ असली उत्तरं लगेच ओळखू येतात. खरं अपयश सांगा. नीटच्या पहिल्या प्रयत्नात गुण कमी पडले असतील, तर पेपर अवघड होता म्हणू नका. ‘मी सराव परीक्षा देत होतो, पण चुका तपासत नव्हतो. दुसऱ्या वर्षी चुकांची वेगळी वही केली,’ हे उत्तर छोटं आहे, पण त्यात तुम्ही काय बदललंत ते दिसतं. रुग्णाच्या बाबतीत चूक झाली तर हा मुलगा ती लपवेल की मान्य करेल, याचा अंदाज अशाच उत्तरांतून बांधता येतो.

तयारी कशी कराल?

* एका वहीत आयुष्यातले सहा प्रसंग लिहा. मदत, भांडण, अपयश, भीती, जबाबदारी आणि आनंद, प्रत्येकी एक. बहुतेक प्रश्न यांतल्याच एकाकडे येतात.

* प्रत्येक प्रसंगात काय घडलं, तुम्ही काय केलंत आणि नंतर काय बदललं, एवढंच टिपा. पूर्ण उत्तर लिहून पाठ करू नका. एक शब्द विसरला की सगळी साखळी तुटते.

* मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. दीड-दोन मिनिटांत उत्तर संपायला हवं.

* मराठी माध्यमातून शिकला असाल, तर इंग्रजीत छोटी, साधी वाक्यं बोलण्याचा सराव करा. जड शब्दांची गरज नाही.

* उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, सर’ म्हणा. विचार करायला दहा सेकंद मागून घेतली तरी चालतं.

* प्रवेशाचे नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा.

आईबाबांसाठी

सराव घ्या, पण उत्तरं तुम्ही देऊ नका. एका संध्याकाळी मुलीला शांतपणे विचारा, ‘‘आम्ही काही म्हटलं नसतं, तर तू काय निवडलं असतंस?’’ आणि मग मध्ये न बोलता ऐका. कदाचित ती ‘डॉक्टरच’ म्हणेल आणि का ते सांगताना तिचे डोळे चमकतील. तिची तयारी तिथेच झाली. कदाचित ती गप्प राहील. हे मुलाखतीच्या खोलीत कळण्यापेक्षा घरातल्या जेवणाच्या टेबलावर कळलेलं केव्हाही बरं.