घरासकट स्थलांतर करणारी जोडपी : शिडाच्या बोटीवरचा संसार नेमका चालतो कसा?

इन्स्टाग्रामवर एक रील तुम्ही नक्की पाहिलं असेल. निळंशार पाणी, पांढरी शिडाची बोट, डेकवर कॉफीचा मग घेऊन बसलेलं जोडपं आणि खाली ओळ, 'घर विकलं, बोट घेतली'. कमेंटमध्ये कुणी लिहितं, 'मजा आहे यांची', तर कुणी लिहितं, 'ईएमआय कोण भरतं?'

पण खरे प्रश्न वेगळेच आहेत. प्यायचं पाणी कुठून येतं? टॉयलेटचं काय? रात्री झोपल्यावर बोट वाहून जात नाही का? आणि दोघांपैकी एकाला काही झालं तर?

ही उत्तरं शोधायला जगातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे अमेरिकेचा पूर्व किनारा. तिथे दरवर्षी थंडी सुरू झाली की अनेक जोडपी बोटीतून दक्षिणेकडे निघतात आणि उन्हाळ्याआधी परततात. पक्ष्यांसारखं स्थलांतर करतात म्हणून त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात.

हा रस्ता आहे तरी कुठे?

या जोडप्यांचा रस्ता म्हणजे 'इंट्राकोस्टल वॉटरवे'. किनारा आणि त्यापुढची वाळूची लांबट बेटं यांच्यामध्ये असलेल्या खाड्या, नद्या आणि उथळ उपसागर कालव्यांनी एकमेकांना जोडून हा जलमार्ग तयार झाला आहे. व्हर्जिनियातलं नॉरफोक म्हणजे शून्य मैल. तिथून मायामीपर्यंत साधारण 1,090 मैल, म्हणजे जवळपास 1,750 किलोमीटर. देखभालीची जबाबदारी अमेरिकन सैन्याच्या अभियांत्रिकी दलाकडे आहे.

आता तुम्ही म्हणाल, शिडाची बोट आहे तर सरळ समुद्रातून का जात नाहीत? कारण वाटेत केप हॅटेरस आहे. 'अटलांटिकची स्मशानभूमी' हे या भागाचं जुनं नाव. इथून गल्फ स्ट्रीम हा जोरदार प्रवाह उत्तरेकडे वाहतो. वारा उत्तरेकडून आला की वारा आणि प्रवाह समोरासमोर भिडतात आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. दोनच माणसांच्या लहान बोटीला हा धोका नको असतो. म्हणून आतला शांत रस्ता.

या रस्त्यावर बराच वेळ शीड गुंडाळलेलंच असतं. अरुंद कालव्यात वाऱ्याच्या मर्जीने वळता येत नाही, त्यामुळे डिझेल इंजिन चालू ठेवावं लागतं. शिडाची खरी मजा मोकळ्या खाडीत किंवा हवामान चांगलं असताना समुद्रात एखाद-दोन दिवसांची उडी मारली तर.

कॅलेंडर वादळांच्या हातात

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. या काळात बोट एका ठरावीक रेषेच्या उत्तरेलाच असली पाहिजे, अशी अट अनेक विमा कंपन्या घालतात. त्यामुळे जोडप्याला उत्तरेत थंडी वाजायला लागलेली असते आणि दक्षिणेत जायची परवानगी नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हळूहळू खाली सरकायचं, हिवाळा फ्लोरिडा किंवा बहामात काढायचा आणि एप्रिल-मेमध्ये परतायचं, हे वेळापत्रक इथून आलं आहे.

वेग किती? ताशी साधारण 6 नॉट, म्हणजे 11 किलोमीटर. सायकलवालाही पुढे निघून जाईल. अंधारात उथळ कालव्यातून जाणं धोक्याचं, म्हणून प्रवास फक्त उजेडात. दिवसाला 45 मैल धरले तरी मायामीला 24 दिवस लागतात. त्यात पाऊस, वारा, दुरुस्ती आणि बाजारहाट धरला की सहज दीड-दोन महिने जातात.

बोट घेताना आधी उंची बघायची

मुंबईत फ्लॅट बघताना कार्पेट एरिया विचारतात. इथे आधी डोलकाठीची उंची विचारतात. या मार्गावरच्या बहुतेक पक्क्या पुलांखाली 65 फूट जागा ठेवलेली आहे. पण भरतीचं पाणी वाढलं की ही जागा कमी होते. मायामीतला एक पूल तर 56 फुटांचाच आहे, त्यामुळे उंच डोलकाठीच्या बोटींना तिथे वळसा घालून समुद्रातून जावं लागतं. काही पूल उघडणारे आहेत. तिथे पुलावरच्या माणसाला रेडिओवरून विनंती करायची आणि पूल उघडेपर्यंत प्रवाहात बोट सांभाळत थांबायचं.

दुसरी गोष्ट खोली. कागदावर कालवा 12 फूट खोल असला तरी गाळ साचून अनेक ठिकाणी तो उथळ झालेला असतो. बोट रुतणं इथे नेहमीचंच. म्हणून बहुतेक जण बोट ओढून काढणाऱ्या सेवेची वार्षिक मेंबरशिप घेतात. ओहोटीला रुतलात तर थोडं थांबा, भरती उचलून देईल. ऐन भरतीला रुतलात तर पंचाईत, कारण आता पाणी फक्त उतरणार असतं.

रात्रीची झोप आणि 7 चा पाढा

मरिनात बोट लावायचं भाडं बोटीच्या लांबीवर, फुटाच्या हिशेबाने लागतं. रोज ते परवडत नाही. मग बहुतेक रात्री नांगरावर.

नांगर त्याच्या वजनापेक्षा तळात रुतून बोटीला जास्त धरून ठेवतो. त्यासाठी साखळीची ओढ आडवी हवी. ओढ वरच्या दिशेने लागली की नांगर उचकटतो. म्हणून रात्री थांबायचं तर पाण्याच्या उंचीच्या साधारण 7 पट साखळी-दोर सोडायची, असा ढोबळ नियम आहे.

सोपं वाटतं, पण जॉर्जिया राज्यात भरती-ओहोटीचा फरक 7 ते 9 फूट असतो. समजा, ओहोटीला पाणी 10 फूट आहे आणि बोटीचं नाक पाण्यापासून 4 फूट वर आहे. एकूण 14 फूट, गुणिले 7 म्हणजे 98 फूट. नवरा म्हणतो, झालं. बायको विचारते, भरतीचे 8 फूट कोण धरणार? ते धरले तर 22 फूट होतात आणि सोडावी लागते 154 फूट. 98 फुटांवर झोपलात तर मध्यरात्री भरतीला हे प्रमाण 7 वरून साडेचारपर्यंत खाली येतं. नेमका तेव्हाच वारा सुटला तर जाग येईपर्यंत बोट दुसऱ्याच्या बोटीवर किंवा चिखलात.

म्हणून मोबाइलवर नांगराचा अलार्म लावतात. बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की तो वाजतो आणि मग रात्री तीन वाजताही दोघांना उठावंच लागतं.

पाणी, वीज आणि टॉयलेट

भारतात शहरी पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी रोज 135 लिटर धरतात. बोटीची टाकी 400 लिटरची असेल, तर या हिशेबाने दोघांचं पाणी दीड दिवसात संपेल. तेच पाणी 10 दिवस पुरवायचं तर माणशी रोज 20 लिटर. त्यातच पिणं, स्वयंपाक, भांडी आणि आंघोळ. आपल्याकडे टँकरची वाट बघणाऱ्या गावातल्या बाईला हा हिशेब शिकवावा लागणार नाही. बोटीवरच्यांना तो नव्याने शिकावा लागतो. भांडी समुद्राच्या पाण्यात धुवून शेवटी गोड्या पाण्याने नुसती विसळायची, अशा युक्त्या मग सुचतात.

वीज सोलर पॅनेल आणि बॅटरीवर. सगळ्यात जास्त खातो तो फ्रिज. सलग तीन दिवस ढगाळ गेले की आधी फ्रिज बंद करायचा की लॅपटॉप, यावर चर्चा सुरू होते.

टॉयलेटची टाकी वेगळी असते. अमेरिकेत किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडणं बेकायदेशीर आहे. टाकी भरली की ती उपसून घेणाऱ्या स्टेशनवर जायचं. अशी स्टेशनं उभारायला 1992 च्या एका कायद्याने सरकारी पैसा मिळू लागला. टाकी कधी भरेल, हे लक्षात ठेवणं ही घरातली गंभीर जबाबदारी असते. कारण विसरल्याचा वास 35 फुटांच्या बोटीत कुठेही लपत नाही.

पत्त्याचं काय? बँक, मतदान, लायसन्स सगळ्याला पत्ता लागतो. फ्लोरिडातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज नावाच्या छोट्या गावात यासाठी खास टपाल सेवा आहे. ती पत्र घेते, स्कॅन करून पाठवते. अनेक बोटवाल्यांचा कागदोपत्री पत्ता तोच असतो.

पैसा येतो कुठून? कुणाची पेन्शन, कुणाचं घरभाडं, कुणाचं ऑनलाइन काम. आणि जातो कुठे? बोटीच्या किमतीच्या साधारण 10 टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला बाजूला ठेवा, असं जुने लोक सांगतात. खारं पाणी कुठल्याच धातूला सोडत नाही.

खरी परीक्षा : दोघंच आहेत

नांगर टाकताना एक जण सुकाणूवर मागे आणि दुसरा पुढच्या टोकाला. मध्ये इंजिनचा आवाज आणि वारा. ओरडलेलं ऐकू येत नाही आणि सगळा धक्का तमाशा बघतो. म्हणून हल्ली दोघं हेडसेट वापरतात. बोटवाल्यांनी त्याचं नाव ठेवलंय 'संसार वाचवणारं यंत्र'.

हा झाला विनोद. पुढची गोष्ट विनोदाची नाही. अनेक बोटींवर दोघांपैकी एकालाच सगळं येतं आणि दुसरा सोबत म्हणून असतो. मग जाणकारच पाण्यात पडला तर? उरलेल्या एकट्या माणसाला एकाच वेळी पडलेल्यावर नजर ठेवायची, बोट वळवायची, शीड उतरवायचं, इंजिन सुरू करायचं आणि मदत मागायची असते. त्यानंतर भिजलेल्या कपड्यांतलं माणूस पाण्यातून वर ओढायचं, जे एकट्याला जवळपास अशक्य असतं.

अमेरिकन कोस्ट गार्डच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं. बोट अपघातांत मरणारे बहुतेक लोक बुडून मरतात आणि त्यांतल्या बहुसंख्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नसतं.

म्हणून अनुभवी जोडपी काही नियम मोडत नाहीत. रात्री समुद्रात असताना दुसऱ्याला उठवल्याशिवाय कुणीही सुकाणूची जागा सोडून पुढे जायचं नाही. जॅकेट आणि कमरेचा पट्टा बोटीला अडकवलेला. पडलेल्याला उचलायला कप्पी लावलेली दोरी आधीच तयार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांनाही इंजिन सुरू करता आलं पाहिजे, नांगर टाकता आला पाहिजे आणि रेडिओच्या 16 नंबर चॅनेलवर आपली जागा सांगून मदत मागता आली पाहिजे. महिन्यातून एक दिवस कामं उलटी वाटून घ्यायची, हा त्यावरचा साधा उपाय.

लिन आणि लॅरी पार्डी हे या जगातलं सगळ्यात नावाजलेलं जोडपं. त्यांनी 1968 मध्ये 24 फुटांची 'सेराफिन' पाण्यात उतरवली, तीही इंजिनाशिवाय, आणि 11 वर्षांत जगाला फेरी मारली. पुढे 'टलेसिन' ही थोडी मोठी बोट स्वतः बांधली. तिलाही इंजिन नव्हतं. लहान बोट घ्या, साधी ठेवा आणि वाट न बघता निघा, हा त्यांचा सल्ला दोन पिढ्यांनी ऐकला. नंतर आजारपणाने लॅरी किनाऱ्यावर आला आणि 2020 मध्ये न्यूझीलंडमध्ये गेला. लिनने समुद्र सोडला नाही. बोट तिला पूर्णपणे येत होती, म्हणून पुढे जायचं की थांबायचं हे तिला स्वतः ठरवता आलं.

आपल्या किनाऱ्यावर हे जमेल का?

दोन माणसांनी बोट चालवण्याचं मोठं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी 2 ऑक्टोबर 2024 ला 'आयएनएसव्ही तारिणी'वरून गोव्यातून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे 2025 अखेरीस गोव्यातच परतल्या. ही बोटही गोव्यातच बांधलेली.

पण बोटीवर घर करणं वेगळं. कोकणात जयगड, विजयदुर्गसारख्या आसरा देणाऱ्या खाड्या आहेत. मात्र पाणी, डिझेल आणि दुरुस्ती एका जागी देणाऱ्या मरिना जवळपास नाहीत. शिवाय पावसाळा. जून आणि जुलैमध्ये तर यांत्रिक मासेमारीलाच बंदी असते आणि होड्या वर ओढून ठेवाव्या लागतात. अमेरिकन जोडपी वादळं टाळायला उत्तरेला सरकतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मान्सून सगळीकडेच येतो, सरकायला जागा उरत नाही.

तरीही कुणाच्या डोक्यात हे खूळ शिरलंच असेल, तर घर विकायच्या आधी दोघांनी मिळून बोट चालवण्याचा कोर्स करावा. मग एक आठवडा भाड्याच्या बोटीवर राहून बघावं, माणशी 20 लिटर पाण्यात. आठवडाभरात दोघांपैकी कुणालाही एकट्याने बोट धक्क्याला आणता आली नाही, तर अजून निघायची वेळ झालेली नाही.