औषध पाजले, तरी जंत का राहिले?

पावसाळा लागला की आपण जंताची बाटली आणतो आणि सगळ्या कळपाला पाजतो. तरी तीन-चार आठवड्यांत कोकरू पुन्हा मलूल होते, जबड्याखाली पाणी साठते, एखादे दगावते. मग 'औषध बनावट होते' असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा जंतच त्या औषधाला सरावलेले असतात.

मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा हिमाँकस हा जंत रक्तावर जगतो. त्याची मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात अळ्या तयार होऊन गवतावर चढतात. त्यामुळे जेऊर परिसरात पावसाळी कुरण असो वा उजनीच्या फुगवट्याचा ओला काठ, तिथे सावध राहावे. सकाळी दव सुकल्यावरच कळप सोडावा.

औषधाने शंभरातले नव्याण्णव जंत मेले, तरी उरलेला एक चिवट असतो. पुढची पिढी त्याचीच वाढते. मात्रा कमी पडली किंवा दरवेळी तेच औषध दिले, की हे लवकर घडते. अल्बेंडॅझोल आणि फेनबेंडॅझोल यांची नावे वेगळी, पण घराणे एकच. बाटली बदलली म्हणजे औषध बदलले असे नव्हे. लेव्हामिसोल व आयव्हरमेक्टिन ही वेगळी घराणी आहेत.

मग करावे काय? मेंढीची खालची पापणी उलटून पाहा. आतून लालबुंद असेल तर औषध नको; फिकट किंवा पांढरी असेल तर लगेच द्या. दक्षिण आफ्रिकेत रूढ झालेली ही पद्धत रक्तपित्या जंतांसाठी आहे. धडधाकट मेंढ्यांना औषध न दिल्याने त्यांच्यातले साधे जंत टिकतात आणि चिवट जंतांचे प्राबल्य होत नाही. मात्रा वजन करूनच ठरवा. औषधापूर्वी आणि नंतर दहा ते चौदा दिवसांनी लेंड्या पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. अंडी पंच्याण्णव टक्क्यांहून कमी घटली, तर ते औषध तुमच्या कळपात निकामी होत चालले आहे असे समजा. गाभण मेंढ्यांना विचारल्याशिवाय औषध देऊ नका.

पैदाशीचाही उपाय आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत दख्खनी मेंढ्यांचा बंगालच्या गॅरोल जातीशी संकर केला होता. त्या कोकरांच्या लेंड्यांत जंतांची अंडी कमी आढळली. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या कळपातही वारंवार औषध लागणाऱ्या मेंढीची पिल्ले पैदाशीला ठेवू नयेत. नवे औषध रोज निघत नाही. हाती आहे ते जपून वापरू या.