दलालाची घाई, आपलं घर

पाऊसपाणी बेताचं असलं की आपल्या जांब समर्थसारख्या गावात घराला गिऱ्हाईक लवकर मिळत नाही. मग दलाल म्हणतो, “ताई, 50,000 सोडा, आजच सौदा करू.”

हिशोब मांडू. दलाली 2 टक्के ठरली असेल, तर त्याचे 1,000 बुडतात, आपले 49,000. घाई त्याला परवडते, आपल्याला नाही.

म्हणून शेजारची घरं कितीला गेली ते आधी विचारू. दलाली लिहून ठरवू. कोऱ्या कागदावर सही किंवा मुखत्यारपत्र देऊ नये. नमुना 8 च्या उताऱ्यावर नाव कुणाचं, ते ग्रामपंचायतीत पाहू. नुसत्या इसार पावतीनं मालकी बदलत नाही. ती दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेल्या खरेदीखतानं बदलते. तिथं अंगठा उठवण्याआधी पैसे खात्यात आलेत ना, एवढं बघू.