जॅक गळतोय? आधी दांडा बघा!

परदेशातल्या चालत्या घरांना असतात तसे, गाडी समतल उचलून धरणारे जॅक चंद्रपूर-गडचिरोलीत बघायचे असतील तर बोअरवेलची गाडी गाठा. तिच्यावर बहुतेकदा तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडचं नाव रंगवलेलं असतं. शेतात पोचल्यावर भोक पाडण्याआधी जॅक टेकवून गाडी ओळंब्यात आणावी लागते. जेसीबीचे पाय, ट्रॅक्टर-ट्रॉलीचा जॅक, घुग्घुसच्या खाणीतले डंपर, सगळे याच कुळातले. रोगही सगळ्यांना एकच: गळती.

सेकंदाला एक थेंब म्हणजे फार काही नाही, असं वाटतं ना? दिवसभरात 4 लिटरच्या वर तेल जातं. करा हिशेब!

यामागचं तत्त्व पास्कलचं. त्याचा द्रवांवरचा ग्रंथ छापून आला 1663 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने. छोट्या पिस्टनचा व्यास 1 सेंमी आणि मोठ्याचा 5 सेंमी असेल, तर जोर 25 पट होतो. फुकट मात्र नाही: मोठा पिस्टन सरकतो पंचविसाव्या हिश्शानेच.

1795 मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. हा गडी मूळचा कुलूपवाला. त्याचं आव्हानाचं कुलूप 1851 पर्यंत कुणालाही उघडता आलं नाही, पण प्रेसमधून निसटणाऱ्या पाण्याने त्याला जेरीस आणलं. तोड काढली म्हणतात त्याच्याकडच्या हेन्री मॉडस्ले या कारागिराने: चामड्याची वाटी. दाब वाढला की वाटीचे ओठ भिंतीला आणखी घट्ट चिकटतात. आजचं रबरी सील त्याच युक्तीवर चालतं, म्हणून ओठ तेलाच्या बाजूलाच हवेत. उलटं बसलं की नवं कोरं सीलही पहिल्याच दिवशी गळतं. ओ-रिंग या गोल रबरी सीलची गोष्ट आणखी मजेदार. डॅनिश वंशाच्या नील्स क्रिस्टन्सनने तिच्या पेटंटचा अर्ज केला 1937 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी!

आता आपल्याकडची गोम. गॅरेजात शिरताच ड्रायव्हर म्हणतो, ‘‘सील टाकून दे ना भाऊ.’’ पण सील बिचारं बरेचदा निर्दोष असतं. जॅकमधून आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्यावरचा हार्ड क्रोमचा थर केसापेक्षाही पातळ. त्यावर राजुऱ्याकडची कोळशाची काळी धूळ किंवा सुरजागडच्या लोहखनिजाची लाल धूळ बसली, की प्रत्येक खाली-वरमध्ये घासकाम सुरू. पावसात दांडा बाहेर राहिला तर गंजाचे खड्डे वेगळेच. दांड्यावरून नख फिरवा. अडकलं तर आधी क्रोम करून आणा, नाहीतर नवं सीलही महिन्याभरात फाटेल.

आणि जमिनीवर एक थेंब नसताना जॅक रात्रीतून बसत असेल तर? मग तेल आतल्या आत पळतंय. पिस्टनचं सील गेलंय, नाहीतर तेल कोंडून धरणाऱ्या लॉक व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय. व्हॉल्व्ह आधी साफ करा, ते स्वस्त पडतं.

डिसेंबरात लपलेली गळती मे महिन्यात उघडी पडते. पारा 45 च्या पुढे गेला की तेल पातळ होतं. डब्यावर 46, 68 असे आकडे असतात. आकडा मोठा तितकं तेल दाट. यंत्राच्या पुस्तकात असेल तेच घाला. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, साधं रबरी सील त्यात फुगतं. आणि तेलाची पातळी बघायची ती दांडा पूर्ण आत घेऊन. उचललेल्या जॅकमध्ये टाकी काठोकाठ भरली, तर खाली घेताना तेल ओसंडून वाहणार.

तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. जॅक दचके देत चालला तर हवा. बोजाविना चार-सहा वेळा खाली-वर करा, निघून जाते.

पाइपाला बारीक भोक पडलंय की काय, ते बोटाने चाचपू नका. 150-200 बार दाबाची तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. भोक शोधायला पुठ्ठा फिरवा. उचललेल्या ट्रॉलीखाली शिरण्याआधी सागाचा जाड ठोकळा लावा. बल्लारपूर-आलापल्लीच्या मुलखात सागवान मिळालं नाही, ही सबब कुणी ऐकून घेणार नाही.