अब्बांचा आवाज कुठे ठेवायचा?

१९८०च्या दशकात आमच्या कोकणातल्या कित्येक घरांत पत्रांसोबत कॅसेटही येत. कुवेत, दोहा, दुबईला गेलेली माणसं टेपरेकॉर्डरसमोर बसून अर्धा-अर्धा तास बोलत आणि गावी निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती ती कॅसेट देत. माझे अब्बा कुवेतला होते. अम्मीला वाचणं जड जाई, म्हणून ते लिहिण्यापेक्षा बोलूनच पाठवत. आंब्याची बाग कुणाला दिली, मुलीचं नाव शाळेत घातलं का, छपराची कौलं बदलली का, सगळं त्या आवाजात असे.

अशा अकरा कॅसेट अम्मीने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ती पेटी तळमजल्यावरच होती. माणसं वरच्या मजल्यावर सुखरूप राहिली, अल्हम्दुलिल्लाह. कॅसेट मात्र चिखलात गेल्या. त्याआधी भावाने चार कॅसेट संगणकावर उतरवल्या होत्या. त्या चारांचा शोध घेतला तर तीन त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये सापडल्या. चौथी फक्त त्याच्या मोबाइलमध्ये होती आणि तो मोबाइल केव्हाच बंद पडला होता.

अब्बा आता हयात नाहीत. त्यांचा आवाज म्हणजे त्या तीन फायली. त्या दिवशी ठरवलं की घरातल्या आठवणी ज्याच्या-त्याच्या मोबाइलच्या भरवशावर ठेवायच्या नाहीत. मी उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका. संगणकातलं माझं ज्ञान निकालपत्रक भरण्यापुरतं. तरीही घरचा साठा-सर्व्हर मला उभा करता आला, म्हणून हा लेख.

सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

नाव मोठं आहे, वस्तू साधी आहे. घरात एका कोपऱ्यात सतत चालू असणारा एक संगणक, त्याला जोडलेली मोठी हार्ड डिस्क आणि घरातल्या वाय-फायवरून प्रत्येकाच्या मोबाइल, लॅपटॉप, टीव्हीला त्या डिस्कपर्यंत जाण्याची वाट. घरातलं सामायिक कपाट म्हणा. फरक एवढाच की या कपाटाचा कुठला कप्पा कुणाला उघडेल, हे आपण ठरवतो.

इंटरनेटवर जागा भाड्याने घेता येते, हे खरं. पण गूगल फोटोजची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता सगळं मिळून १५ जीबी मोफत, पुढे दरमहा पैसे. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. मूळ फोटो हवा तर तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा.

काय काय लागतं?

भावाचा तोच जुना लॅपटॉप मी वापरला. आधी त्यातल्या फायली दोन ठिकाणी उतरवून घेतल्या. ६४-बिटचा, दोन-चार जीबी रॅमचा आणि केबलचं लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. वीज गेली तरी बॅटरीवर तो तग धरतो. बाहेरून जोडलेली मोठी डिस्क मात्र काही वेळा स्वतंत्र विजेवर चालते. केवळ यूएसबी केबलवर चालणारी छोटी डिस्क घेतली तर हा प्रश्न येत नाही.

दोन टीबीच्या दोन डिस्क घ्या, एक वापरायला आणि एक नकलेसाठी. एक फोटो चार एमबीचा धरला तर एका टीबीत सुमारे अडीच लाख फोटो मावतात. साठ मिनिटांची कॅसेट एमपी-थ्रीमध्ये साधारण ६० एमबी होते. जागा खातात ते व्हिडिओ.

विजेचं म्हणाल तर लॅपटॉप आणि डिस्क मिळून १५ वॅट घेत असतील, तर महिन्याला सुमारे ११ युनिट होतात.

उभारणी

'ओपनमीडियाव्हॉल्ट' नावाची प्रणाली मोफत मिळते. ती डेबियन लिनक्सवर आधारलेली आहे. तिची फाइल डाउनलोड करून 'रुफस' किंवा 'बलेना एचर' या मोफत प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. ही प्रणाली लॅपटॉपमधलं सगळं पुसून स्वतः तिथे बसते. म्हणून त्या वेळी बाहेरच्या डिस्क काढून ठेवा, नाहीतर चुकीची डिस्क निवडली जाण्याची भीती. लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा.

सुरू झाल्यावर पडद्यावर सर्व्हरचा पत्ता दिसतो. घरात तो बहुधा १९२.१६८ने सुरू होतो. हा पत्ता राउटरच्या सेटिंगमध्ये कायम करून घ्या, नाहीतर उद्या तो बदलेल आणि सगळे विचारतील, "सर्व्हर गेला कुठे?" दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकला की सर्व्हरचं पान उघडतं. तिथला मूळ पासवर्ड सगळ्या जगाला माहीत असतो, तो पहिल्या पाच मिनिटांत बदला.

पुढचा क्रम असा: नवी रिकामी डिस्क जोडून तिला 'ईएक्सटी-४' प्रकारात तयार करा (यात डिस्क पुसली जाते), तिच्यावर फोल्डर करा, घरातल्या प्रत्येकाचं खातं उघडा, कुणाला काय दिसेल ते ठरवा आणि शेवटी 'एसएमबी' ही सेवा चालू करा. प्रत्येक बदलानंतर वर एक पिवळी पट्टी येते. तिथे होकार दिल्याशिवाय बदल लागू होत नाही. माझे दोन दिवस ही पट्टी न पाहिल्यामुळे गेले.

आणखी एक गोष्ट. लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपतो. झाकण लावल्यावर झोपू नये, अशी सेटिंग करून घ्यावी लागते. मला हे जमलं नाही, शाळेतल्या संगणकाच्या सरांनी करून दिलं. तोवर झाकण उघडं ठेवलं, काही बिघडलं नाही.

टीव्ही अँड्रॉइडचा असेल तर 'व्हीएलसी' हे मोफत अ‍ॅप घरच्या नेटवर्कमधला सर्व्हर शोधून गाणी, व्हिडिओ लावतं. मोबाइलवरही तेच चालतं. चित्रपटगृहासारखी सजावट हवी असेल तर 'जेलीफिन' नंतर बसवता येतं. सुरुवातीला नको.

केबल घेताना राउटरचं पोर्ट पाहा. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर १०० जीबी उतरवायला अडीच तास सहज जातात. गिगाबिट पोर्टवर आणि डिस्क चांगली असेल तर पाव तासाच्या आसपास काम होतं.

कुणी काय पाहावं?

सर्व्हर चालू झाला त्या संध्याकाळी अम्मीने पहिला प्रश्न विचारला, "बेटा, निकाहातले बायकांचे फोटो यात आहेत. ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या पोरांच्या मोबाइलवर दिसणार का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं होतं. आता बायकांच्या फोटोंचं फोल्डर वेगळं आहे आणि ते फक्त अम्मी, आपा आणि मी उघडू शकतो. घरची कागदपत्रं तिसऱ्या फोल्डरमध्ये. मुलांच्या खात्यांना बहुतेक ठिकाणी फक्त पाहण्याची मुभा. पाहुण्यांना वाय-फाय द्यायचं तर राउटरमधलं 'गेस्ट' नेटवर्क द्या. आणि घराबाहेरून पाहता यावं म्हणून राउटरचं पोर्ट उघडून ठेवू नका. पुरती माहिती होईपर्यंत सर्व्हर घरापुरताच बरा.

खरा धडा

एका रविवारी धाकट्याने 'जागा करतो' म्हणत एक फोल्डर पुसलं. मला वाटलं, कचरापेटीत असेल. नव्हतं. नेटवर्कवरून पुसलेली फाइल संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. सर्व्हरची स्वतःची कचरापेटी त्या-त्या फोल्डरसाठी आधी चालू करावी लागते आणि मी ती केली नव्हती. त्या फोल्डरमध्ये अब्बांच्या तीन फायली होत्या.

त्या वाचल्या, कारण दुसऱ्या डिस्कवर आठवड्यापूर्वीची नकल होती आणि ती डिस्क कपाटात होती, सर्व्हरला जोडलेली नव्हती. बाजारात दोन डिस्कचे तयार 'नॅस' डबे मिळतात. त्यांत एक डिस्क दुसरीचा आरसा म्हणून चालवता येते. एक डिस्क बिघडली तर आरसा कामी येतो. पण इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. आरशाला नकल समजू नका.

जाणकार ३-२-१ असा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेर का, हे चिपळूणकरांना सांगावं लागत नाही. कपाटातली डिस्कही तळमजल्यावरच असेल तर पाणी दोन्ही घेऊन जाईल.

म्हणून आता तिसरी डिस्क मुंब्र्याला खालाकडे असते. ईदला जाताना नवी नकल नेते, जुनी परत आणते. ही डिस्क मी 'एक्सफॅट' प्रकारात ठेवली आहे, म्हणजे कुठल्याही विंडोज संगणकावर उघडेल. सर्व्हरची ईएक्सटी-४ डिस्क विंडोजला सरळ वाचता येत नाही आणि उद्या मी नसेन तर घरच्यांची अडचण होईल. पासवर्डही एका वहीत लिहून अम्मीकडे दिले आहेत.

परवा टीव्हीवर पहिली कॅसेट लावली. अब्बा विचारत होते, कौलं बदलली का? अम्मी टीव्हीकडे पाहून हळूच म्हणाली, "बदलली." मग माझ्याकडे वळली, "चौथीत काय होतं, आठवतं का तुला?"

मला आठवत नाही. तुमच्या घरच्या पेटीत अजून कॅसेट असतील, कुणाच्या जुन्या मोबाइलमध्ये आवाज असेल, तर सर्व्हरची वाट पाहू नका. या रविवारी ते दोन जागी उतरवून घ्या. सर्व्हर पुढच्या महिन्यात झाला तरी चालेल.