सिझर: बाळंतीण आणि तिचे टाके

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंची चिठ्ठी आली. सिझर ठरलंय, भीती वाटते, नक्की काय होतं ते सांगा. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना हे कशाला विचारायचं, असं तुम्हाला वाटेल, आम्हालाही वाटलं. पण आमच्या सुनेच्या सिझरच्या वेळी आम्ही घरातली मंडळी कुठे चुकलो, ते आठवलं. म्हणून बोलतोय.

ज्युलियस सीझर असा जन्मला म्हणून हे नाव, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. ती खरी नसावी. त्या काळी असं पोट फाडलं जाई ते मेलेल्या किंवा मरणाऱ्या आईचं, आणि सीझरची आई पुढे कितीतरी वर्षं हयात होती. असो.

बहुतेक वेळा कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. आई जागीच असते, मध्ये पडदा. दुखत नाही, पण आत ओढाताण चाललेली कळते. अंगाला थरथर सुटते. हे आधी सांगितलेलं नसलं की बाई घाबरते. बाळ बहुधा पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर येतं; त्यानंतर अर्धा-पाऊण तास आतले थर शिवण्यात जातो. म्हणजे बाहेर पेढे वाटायला सुरुवात होते, तेव्हा आई टेबलावरच असते. आम्ही नेमके तेव्हा सगळे बाळाभोवती!

लघवीची नळी साधारण दुसऱ्या दिवशी काढतात आणि चालायला लावतात. जीव नको होतो, पण पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते लागतं. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. अंगावरून जाणं सिझरनंतरही असतंच, काही आठवडे. दूध येतं, पाजताना बाळ टाक्यांवर टेकू नये, कुशीवर घ्यावं.

घरी आल्यावर आमच्याकडे भात बंद, पाणी मोजून. का, तर टाके पिकतात! भाताने टाके पिकत नाहीत. पाणी कमी पडलं की पोट मात्र साफ होत नाही, आणि कुंथताना टाक्यांना ताण बसतो. तिसऱ्या आठवड्यात सून बादली उचलायला वाकली आणि कळवळली. वरची जखम सुकली होती ना, आम्ही धरून चाललो बरी झाली. बाळाहून जड काही सहा आठवडे उचलायचं नसतं. आणि कुणी 'नॉर्मल नाही का झाली?' विचारलं, की तिचा चेहरा पडायचा. पोटाचे थर कापून घेतलेलं बाळंतपण कमी कसं, हे विचारणाऱ्याला आम्ही तेव्हाच विचारायला हवं होतं.

ताप, जखमेतून पू, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एकाच पोटरीला सूज, दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

ताईंनी शेवटी विचारलंय, पुढचंही सिझरच का? तसं नाही, बऱ्याच जणींना नंतर साधी प्रसूती होऊ शकते. गर्भाशयावरचा छेद कसा होता, सिझर का करावं लागलं, यावर ते ठरतं. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना तेच लागेल.