विमान डावीकडे का वळते?

आकाशात न जाता विमान चालवण्याचा सराव करता येईल का? होय, येईल. त्यासाठी 'सिम्युलेटर' नावाचे यंत्र असते. 1929 मध्ये अमेरिकेतील एडविन लिंक यांनी असे एक यंत्र बनवले. त्यांच्या वडिलांचा बिंगहॅम्टन या शहरात वाद्यांचा कारखाना होता. तेथे हवेच्या दाबावर वाजणारी मोठी वाद्ये तयार होत. या वाद्यांतले भाते आणि हवेचे पंप वापरून लिंक यांनी लाकडाचे एक छोटे विमान तयार केले. आत बसून दांडा हलवला, की ते भात्यांच्या जोरावर झुकत असे आणि वळत असे. सुरुवातीला लोकांना ते जत्रेतले खेळणेच वाटले. पुढे 1934 मध्ये अमेरिकेच्या सैन्यातील वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम आले. अंधारात आणि वादळात विमान चालवण्याचा त्यांना पुरेसा सराव नव्हता, त्यामुळे अनेकांचे प्राण गेले. मग सैन्याने लिंक यांची यंत्रे विकत घेतली.

आज असा सराव घरातल्या संगणकावरही करता येतो. 1982 मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'फ्लाइट सिम्युलेटर' हा प्रोग्राम बाजारात आणला. त्याच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात. हौशी माणसे संगणकाला तीन वस्तू जोडतात. हातात धरायचा दांडा म्हणजे जॉयस्टिक. इंजिनाची शक्ती कमीजास्त करतो तो थ्रॉटल. पायांखाली असतात ती पेडल. पेडल दाबले, की शेपटीवरचे सुकाणू वळते आणि विमानाचे नाक डावीकडे किंवा उजवीकडे फिरते. या सुकाणूला रडर म्हणतात.

आता एक नेहमीची तक्रार पाहू. दोन्ही पेडल मध्यावर आहेत, हात स्थिर आहे, तरीही धावपट्टीवर विमान डावीकडे जाते. काही जण लगेच नवीन पेडल विकत आणतात. ती स्वस्त नसतात. काही जण बिघाडाची सवय करून घेतात आणि एक पाय कायम थोडा दाबून ठेवतात. हे तर जास्तच वाईट! खरे विमान शिकणारी मुलेमुलीही घरी असा सराव करतात. पायाला एकदा चुकीची सवय लागली, की ती खऱ्या विमानात बसल्यावरही लवकर सुटत नाही. म्हणून दोष नेमका कोठे आहे, हे आधी शोधले पाहिजे.

आपला पाय आणि पडद्यावरचे विमान यांच्यामध्ये एक साखळी असते. पाय पेडल हलवतो. पेडलच्या आतला एक छोटा भाग ती हालचाल ओळखतो. दुसरा भाग तिचा आकडा बनवतो. तो आकडा तारेतून संगणकात जातो. संगणक तो सिम्युलेटरला देतो आणि मग विमान वळते. यातली कोणतीही कडी बिघडली, तरी पडद्यावर दिसणारा परिणाम एकच असतो. मग सुरुवात कोठून करायची? पेचकस घेऊन पेडल उघडण्याची घाई करू नका. साखळी मध्येच तपासा.

विंडोज असलेल्या संगणकात 'गेम कंट्रोलर' नावाची एक खिडकी असते. तेथे सिम्युलेटर सुरू न करताही दांडा तपासता येतो. एका चौकोनात छोटे अधिक चिन्ह दिसते. दांडा हलवला, की ते हलते. पेडलसाठी वेगळी पट्टी असते. आता हातपाय बाजूला घ्या आणि पाहत राहा. चिन्ह थरथरत असेल किंवा पट्टी मध्यावर येत नसेल, तर दोष बहुधा तारेत किंवा पेडलमध्ये आहे. दोन्ही शांत असतील, तर दोष सिम्युलेटरच्या बाजूला शोधा. दोन मिनिटांत अर्धे काम झाले!

समजा, पट्टी थरथरते. तीच पेडल दुसऱ्या संगणकाला जोडून पाहा. तेथे ती नीट चालली, तर पेडल चांगली आहेत. अशा वेळी जोडणी तपासा. एकाच छोट्या हबमध्ये चार-पाच वस्तू लावल्या, की प्रत्येकीला पुरेशी वीज मिळत नाही. मग पेडल मध्येच बंद पडतात. ती थेट संगणकाला जोडा. वीज वाचवण्यासाठी संगणक स्वतःच एखादी जोडणी झोपवतो, तेही सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. तार जेथे प्लगमध्ये शिरते, तेथे ती हळूच वाकवून पाहा. त्याच क्षणी पट्टीने उडी मारली, तर तार आत तुटत आली आहे, असे समजा.

दुसऱ्या संगणकावरही थरथर कायम राहिली, तर दोष पेडलच्या आत आहे. हा दोष समजण्यासाठी घरातला जुना रेडिओ आठवा. आवाज वाढवण्याचे बटण फिरवताना तो खरखरतो ना? त्या बटणामागे कार्बनची एक वळणदार पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची बारीक जीभ सरकते. जीभ जेथे टेकते, त्यावर वीज किती जाणार हे ठरते. अनेक जॉयस्टिक आणि पेडल यांत हाच भाग असतो. त्याला पोटेन्शिओमीटर म्हणतात. पट्टीवर धूळ बसली किंवा ती झिजली, की रेडिओ खरखरतो आणि पेडलचे आकडे उड्या मारतात. दांडा आणि पेडल बहुतेक वेळ मध्यावरच असतात. म्हणून पट्टीही मध्यावरच जास्त झिजते.

अशा वेळी आधी तार संगणकातून काढा. मग पेडल उघडा. आतली स्प्रिंग उडण्याची शक्यता असते, म्हणून चेहरा जरा दूर ठेवा. विद्युत उपकरणे साफ करण्याचा फवारा दुकानात मिळतो. तो थोडासा मारून पेडल वीस-तीस वेळा पूर्ण पुढेमागे करा आणि वाळू द्या. घरातले तेल मात्र कधीही घालू नका, तेलावर धूळ आणखी चिकटते. एवढे करूनही थरथर राहिली, तर पट्टी झिजली आहे. तेवढाच भाग बदलता येतो. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर हे काम सहज करील.

काही महाग पेडलमध्ये घासणारी पट्टीच नसते. तेथे एक चुंबक असतो आणि त्याचे स्थान ओळखणारा एक छोटा भाग असतो. चुंबकामुळे विजेवर होणारा हा परिणाम 1879 मध्ये एडविन हॉल यांनी शोधला. (हेही एडविनच!) येथे काही घासत नाही, म्हणून झीज फार कमी होते.

सिम्युलेटरमध्ये 'डेड झोन' नावाची एक सोय असते. मध्याजवळच्या छोट्या हालचालींकडे दुर्लक्ष कर, असे तिने सांगता येते. थरथर झाकण्यासाठी अनेक जण ती खूप वाढवतात. मला हा उपाय पटत नाही. विमान उतरवताना अगदी बारीक हालचालीच कराव्या लागतात आणि नेमक्या त्याच नाहीशा होतात.

आता उलट बाजू पाहू. पट्टी शांत आहे, तरी विमान डावीकडे जाते. सिम्युलेटरची सेटिंग उघडा. काही जॉयस्टिक पिळता येतात आणि तेही रडरचेच काम करते. नवी वस्तू जोडल्यावर सिम्युलेटर तिला आपोआप कामे वाटून देतो. मग पेडल आणि जॉयस्टिक, दोघेही एकच रडर हलवू लागतात! अशा वेळी जॉयस्टिककडून ते काम काढून घ्या. ब्रेकही पाहा. एका बाजूच्या ब्रेकची दिशा उलटी लागली असेल, तर पाय काढल्यावरच तो ब्रेक लागतो आणि विमान त्या बाजूला वळते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर उपाय कोणता लागू पडला हे कळत नाही.

हे सगळे ठीक असेल, तर आपण कोणते विमान चालवत आहोत ते पाहा. सेस्ना 172 सारख्या छोट्या विमानाला पुढे एकच पंखा असतो. आत बसलेल्या माणसाला तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतो. इंजिन पूर्ण शक्तीने चालले, की पंख्याची हवा मळसूत्रासारखी फिरत मागे जाते आणि शेपटीवर डावीकडून आदळते. शेपटी उजवीकडे ढकलली जाते आणि नाक डावीकडे वळते. खात्री करायची असेल, तर पडद्यावरचे विमान उंच न्या आणि थ्रॉटल मागे घ्या. डावीकडची ओढ जवळजवळ नाहीशी झाली, तर पेडल निर्दोष आहेत. खऱ्या सेस्नाचा वैमानिकही धावपट्टीवर उजवे पेडल दाबूनच विमान सरळ ठेवतो. मात्र तो पाय एकसारखा दाबून ठेवत नाही. विमानाची ओढ वाढली, की जोर वाढवतो आणि ती कमी झाली, की पाय सैल सोडतो.